गेमला खातं लागतं कशाला?

डिसेंबर १९९३ मध्ये ‘डूम’ आला आणि कितीतरी ऑफिसांतली, विद्यापीठांतली नेटवर्कं गुदमरली. चार जणांना एकत्र खेळता येईल अशा या गेमच्या पहिल्या आवृत्तीत प्रत्येक संगणक आपले संदेश नेटवर्कवरच्या सगळ्यांना पाठवायचा. ज्या यंत्राला खेळाशी काही देणंघेणं नाही, त्यालाही ते पॅकेट, म्हणजे संदेशाचं पुडकं, वाचून फेकून द्यावं लागे. लवकरच सुधारित आवृत्तीत ही खोड काढली गेली. पण एवढा धुमाकूळ चालला होता तो कुणाचंही नाव, ईमेल किंवा पासवर्ड न विचारता. कोण कुणाशी खेळतंय, याची गेम बनवणाऱ्या कंपनीला खबरही नसायची.

आज एकाच खोलीत, एकाच राउटरला जोडलेल्या दोन संगणकांनाही पुष्कळदा आधी लॉगिन करावं लागतं. नेट बंद पडलं की शेजारी बसलेल्याशीही खेळता येत नाही. हे खातं तांत्रिकदृष्ट्या नेमकं कशासाठी असतं?

खेळ चालवण्यासाठी तर नक्कीच नाही. अनेकांनी मिळून खेळायचं तर सगळ्यांच्या पडद्यावर एकच जग दिसायला हवं, आणि त्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिलीचं झकास उदाहरण म्हणजे १९९७ चा ‘एज ऑफ एम्पायर्स’. आठ खेळाडू, शेकडो सैनिक आणि २८.८ किलोबिटचा मोडेम. प्रत्येक सैनिक कुठे आहे हे सतत पाठवत बसणं अशक्यच होतं. म्हणून फक्त हुकूम पाठवले जात: ‘या तुकडीनं तिकडे जावं’, एवढंच. बाकी सगळा खेळ प्रत्येक संगणक स्वतः हिशेब करून चालवायचा. आत्ता दिलेला हुकूम दोन फेऱ्यांनंतर, सगळीकडे एकाच फेरीत अमलात येई. एक फेरी साधारण २०० मिलिसेकंदांची. यादृच्छिक आकडेसुद्धा सगळीकडे एकाच बीजातून, म्हणजे एकाच सुरुवातीच्या आकड्यातून, निघत.

यात तसूभर फरकही चालत नाही. नकाशा तयार होताना एका संगणकावर एखादं हरीण किंचित वेगळ्या जागी पडलं, की ते वेगळीकडे चरायला जाणार. काही मिनिटांनी तिथल्या शिकाऱ्याचा भाला चुकणार आणि तो रिकाम्या हातानं परतणार. एका पडद्यावर कोठारात मांस आहे, दुसऱ्यावर नाही! असले दोष शोधताना प्रोग्रामरांच्या नाकीनऊ आले होते.

दुसरी पद्धत १९९६ च्या ‘क्वेक’ची. एक संगणक सर्व्हर होतो, तो म्हणेल ते खरं. बाकीचे आपली बटणं त्याला कळवतात आणि तो जगाची ताजी स्थिती परत पाठवतो. हा सर्व्हर कुठल्याही खेळाडूच्या संगणकावर चालू शकतो. जोडून घ्यायला आयपी अ‍ॅड्रेस (संगणकाचा नेटवर्कवरचा पत्ता) आणि पोर्ट नंबर (त्या पत्त्यावरच्या नेमक्या दाराचा क्रमांक) पुरतो. ‘क्वेक’चा पोर्ट २६०००.

मग अडतं कुठे? राउटरपाशी. आयपीची जुनी, चौथी आवृत्ती सुमारे ४३० कोटी पत्ते देते. ते सगळ्या यंत्रांना पुरत नाहीत. म्हणून घरातली सगळी उपकरणं एकाच सार्वजनिक पत्त्यामागे राहतात आणि राउटर रखवालदारासारखा वागतो: आतून कुणी विचारलं असेल त्याचंच उत्तर आत सोडतो, आगंतुकाला नाही. दोघंही अशा राउटरमागे असले तर आधी हाक कुणी मारायची? यावरची युक्ती सुंदर आहे. दोघंही आधी तिसऱ्या एका सर्व्हरशी बोलतात. तो प्रत्येकाला दुसऱ्याचा बाहेरून दिसणारा पत्ता आणि पोर्ट सांगतो. मग दोघं एकाच सुमारास एकमेकांना पॅकेट पाठवतात. दोन्ही राउटरांना वाटतं, संभाषण आतूनच सुरू झालंय. आणि वाट मोकळी होते. काही राउटर याही युक्तीला दाद देत नाहीत, तेव्हा सगळी वाहतूक तिसऱ्या सर्व्हरमार्फत वळवावी लागते.

हा तिसरा सर्व्हर बहुधा प्लॅटफॉर्मचा, म्हणजे गेम विकणाऱ्या-चालवणाऱ्या सेवेचा, असतो. पण त्यालाही तुमचं नाव, जन्मतारीख लागत नाही. दोन पत्ते पुरतात. राउटरवर पोर्ट उघडून दिला तर तोही नको. इंटरनेट पुरवणारी कंपनीच अनेक ग्राहकांना एका पत्त्यामागे ठेवत असेल तर मात्र पोर्ट उघडून भागत नाही. तिथे झीरोटियर, टेलस्केल अशा सेवांची आभासी लॅन कामी येते: दूरचे संगणकही एकाच घरातल्या जाळ्यात (लॅनमध्ये) असल्यासारखे जोडले जातात. गंमत म्हणजे यांचं जाळं उभारायलाही सहसा खातं काढावं लागतं!

खात्याचं खरं काम ओळख पटवण्याचं आहे. ‘माइनक्राफ्ट’च्या सर्व्हरमध्ये ‘ऑनलाइन-मोड’ नावाची एक सेटिंग असते. ती बंद केली की सर्व्हर खातं तपासायचं सोडून देतो, आणि मग कुणीही व्यवस्थापकाचं नाव टाकून आत शिरू शकतो. अनोळखी लोकांशी खेळताना, फसवणाऱ्याला हाकलताना किंवा बरोबरीचा प्रतिस्पर्धी शोधताना टिकाऊ ओळख लागतेच. चार मित्रांना मात्र ती लागत नाही. त्यांच्यासाठी सर्व्हरचा एखादा पासवर्ड ठरवला तरी भागतं. माझा आक्षेप आहे तो जोडणी आणि ओळख या दोन गरजा एकत्र बांधण्याला.

कारण मधला दुवा तुटला की खेळही तुटतो. ३१ मे २०१४ ला गेमस्पाय ही खेळाडूंना चालू सर्व्हर शोधून देणारी सेवा बंद झाली आणि तिच्यावर विसंबलेल्या अनेक गेम्सची सर्व्हरयादी रिकामी झाली. ज्यांत थेट आयपी टाकायची सोय होती, ते चालत राहिले. इतर काहींसाठी चाहत्यांनी पर्यायी सर्व्हर उभे केले. ‘क्वेक’चा सोर्स कोड तर १९९९ मध्येच खुला झाला, त्यामुळे तो कुणाच्या मर्जीवर उरलेला नाही.

उलट मे २०२४ मध्ये सोनीनं ‘हेलडायव्हर्स २’च्या पीसी खेळाडूंना प्लेस्टेशन खातं सक्तीचं केल्याचं जाहीर केलं. कित्येक देशांत तर ते खातं काढायची सोयच नव्हती. ओरड इतकी झाली की काही दिवसांतच निर्णय मागे घ्यावा लागला.

गेम घेण्याआधी माहितीच्या पानावर ‘लॅन’ किंवा ‘डेडिकेटेड सर्व्हर’ (स्वतः चालवता येईल असा वेगळा सर्व्हर) हे शब्द आहेत का, ते बघा. ‘थर्ड-पार्टी अकाउंट आवश्यक’ अशी पट्टी कुठे दडली आहे का, तेही बघा. ती सहसा पानाच्या कडेला असते, ‘विकत घ्या’ या बटणाहून बरीच लहान.