सिक्वेन्स नागपुरात कसा पोचला: ॲक्सेशन नंबरची पार्श्वभूमी

नागपुरात बायोटेक शिकणारी मुलगी आज गुलाबी बोंडअळीच्या जनुकाचा सिक्वेन्स, म्हणजे त्याच्या डीएनएतल्या अक्षरांचा क्रम, होस्टेलच्या खोलीत बसून काढते. जेनबँक या सिक्वेन्सच्या ऑनलाइन साठ्यात अळीचं शास्त्रीय नाव आणि जनुकाचं नाव टाकायचं, ॲक्सेशन नंबर, म्हणजे नोंदीचा ओळखक्रमांक, पाहून यादीतली नोंद उघडायची, फास्टा फाइल (सिक्वेन्सची साधी मजकूर-फाइल) उतरवून घ्यायची. पैसे लागत नाहीत, कुणाची परवानगीही लागत नाही. कापसाच्या या मुलखात ही सोय फार मोलाची आहे.

सुरुवात छापील पुस्तकानं झाली. १९६५ मध्ये अमेरिकेत मार्गारेट डेहॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५ प्रथिनांच्या क्रमांचा ॲटलास काढला. सिक्वेन्स हवा असेल तर पान उघडून अक्षरं हातानं उतरवायची. पुढे जर्मनीत हायडेलबर्गला ईएमबीएल या युरोपीय संशोधन संस्थेची डेटा लायब्ररी उभी राहिली आणि १९८२ मध्ये अमेरिकेत लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत वॉल्टर गोड यांच्या पुढाकारानं जेनबँक सुरू झाली. त्या वर्षअखेरीस तिच्यात जेमतेम ६०६ सिक्वेन्स होते. जपानची डीडीबीजे ही अशीच डीएनए बँक काही वर्षांनी आली. तिन्ही बँका एकमेकींना नोंदी देऊ लागल्या, म्हणून आज कुठल्याही एकीत शोधलं तरी चालतं. बँकेतल्या नोंदींची प्रत मात्र तेव्हा मॅग्नेटिक टेपवर, टपालानं यायची.

बँकांचे कर्मचारी सुरुवातीला नियतकालिकं चाळून सिक्वेन्स टाइप करत. हे काम आवाक्याबाहेर गेलं, तेव्हा नियतकालिकांनीच अट घालायला सुरुवात केली: आधी सिक्वेन्स बँकेत जमा करा, मग लेख छापू. जमा केल्याचा पुरावा म्हणजे ॲक्सेशन नंबर. आधी एक अक्षर आणि पाच आकडे, नोंदी वाढल्यावर दोन अक्षरं आणि सहा आकडे. नोंदीचं शीर्षक बदललं तरी हा नंबर तोच राहतो.

पण आतला सिक्वेन्स दुरुस्त झाला तर? यासाठी १९९९ पासून नंबरापुढे बिंदू देऊन आवृत्ती लिहितात. जानेवारी २०२० मध्ये वुहानहून आलेल्या कोरोनाविषाणूच्या एमएन९०८९४७ या नोंदीत हे स्पष्ट दिसतं. पहिल्या आवृत्तीत ३०,४७३ अक्षरं होती, काही दिवसांतच आलेल्या तिसरीत २९,९०३. नुसता नंबर टाकला की ताजी आवृत्ती उघडते. त्यामुळे प्रबंधात बिंदूपुढचा आकडा गाळला, तर आपण नेमका कुठला सिक्वेन्स वापरला हे परीक्षकालाही कळत नाही आणि पुढच्या विद्यार्थ्यालाही. गाइडनी हा आकडा आग्रहानं लिहून घ्यायला हवा.

शोधणं सोपं केलं ते एनसीबीआयच्या एंट्रेझ या शोधयंत्रणेनं. एनसीबीआय ही अमेरिकेची सरकारी जैवमाहिती संस्था १९८८ मध्ये स्थापन झाली, १९९२ मध्ये जेनबँक तिच्याकडे आली. एंट्रेझ आधी सीडीवर मिळायचं, मग इंटरनेटवर आलं. सिक्वेन्सवरून त्याच्या प्रथिनाकडे, तिथून मूळ लेखाकडे जाता येऊ लागलं. आता शेकडो नोंदी लागल्या तर छोटा प्रोग्रॅम लिहून ई-युटिलिटीज या एनसीबीआयच्या सेवेमार्फत मागवतात. एपीआय की (एनसीबीआयनं दिलेला वापरकर्त्याचा कोड) नसेल तर सेकंदाला तीनच विनंत्या चालतात.

हे सगळं खुलं राहिलं, कारण तसं ठरवलं गेलं. १९९६ मध्ये बर्म्युडात मानवी जनुकसंचावर काम करणाऱ्या गटांनी ठरवलं की जुळवलेले सिक्वेन्स शक्यतो २४ तासांत सर्वांसाठी जाहीर करायचे. भारतानंही २०२२ मध्ये फरिदाबादला इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटर सुरू केलं. तिथे आपल्याकडचे सिक्वेन्स जमा करता येतात.