व्हिसा पाच वर्षांचा, मुक्काम मात्र ९० दिवसांचा

बडोद्यातल्या मराठी घरांतून एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय: ‘पाच वर्षांचा शेंगेन व्हिसा मिळाला की नोकरी सोडून वर्षभर युरोपात खुशाल राहा. ९० दिवस भरले की एक दिवस लंडनला जाऊन या, मोजणी नव्याने सुरू होते.’

हे खरं नाही. (शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं असा युरोपातल्या देशांचा गट; लंडन त्याच्या बाहेर आहे.) गैरसमज होणं मात्र साहजिक आहे, कारण पासपोर्टवरच्या व्हिसाच्या स्टिकरवर पाच वर्षांच्या तारखा ठळक दिसतात. त्या तारखांच्या आत तुम्ही ये-जा करू शकता, एवढाच त्यांचा अर्थ. किती दिवस राहायचं, तो आकडा त्याच स्टिकरवर वेगळा छापलेला असतो, तो आधी बघा.

नियम असा, की कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस, आणि तेही शेंगेनमधले सगळे देश मिळून. पोहोचल्याचा आणि निघाल्याचा, दोन्ही दिवस धरायचे. समजा, दांडिया बाजारातली एक ताई १ मार्चला पॅरिसला उतरली आणि २९ मेला बाहेर पडली. तिचे ९० दिवस संपले. लंडनची चक्कर मारून ते परत मिळत नाहीत. पुन्हा प्रवेश २८ ऑगस्टपासून.

पडताळायचं असेल तर आत-बाहेर केल्याच्या तारखा समोर ठेवा आणि ज्या दिवसाची शंका असेल तिथून १८० दिवस मागे मोजा. युरोपीय संघाच्या अधिकृत संकेतस्थळावर यासाठी मोफत गणकयंत्रही आहे. राजीनामा देण्याआधीच हा हिशोब करा, कारण मुदतीपेक्षा जास्त राहिल्यास प्रवेशबंदी होऊ शकते. सलग वर्षभर एकाच देशात राहायचं असेल, तर त्या देशाचा दीर्घ मुदतीचा व्हिसा वेगळा काढावा लागतो.