न्यायाधीशाची पार्श्वभूमी आणि निवाडा (गोवा)

न्यायाधीशाचे घर, धर्म, जात, लिंग, शिक्षण आणि आधीची वकिली यांचा त्याच्या निर्णयांवर पडणारा प्रभाव. कायद्याचे शब्द स्पष्ट असतील तिथे तो फारसा उरत नाही. ‘वाजवी कारण’ ठरवायचे असते, दोन साक्षीदारांपैकी एकावर विश्वास ठेवायचा असतो किंवा जामिनाचा प्रश्न असतो, तिथे तो जाणवतो. अमेरिकेत जेरोम फ्रँक आदी वास्तववादी विधिज्ञांनी १९३० च्या सुमारास हा विचार आग्रहाने मांडला.

पुरावा मात्र एकाच दिशेचा नाही. अमेरिकी अपील न्यायालयांच्या २०१० मधील एका अभ्यासात, लिंगभेदाच्या दाव्यांत स्त्री न्यायाधीश वादीला अधिक वेळा न्याय देतात आणि पीठावर एक स्त्री असली तरी सहकारी पुरुषांचे मत बदलते, असे आढळले. इतर बहुतेक विषयांत फरक दिसला नाही. भारतातील कनिष्ठ न्यायालयांच्या सुमारे ५० लाख फौजदारी खटल्यांत आरोपी व न्यायाधीश एकाच धर्माचे किंवा लिंगाचे असल्याचा निकालावर एकंदरीत जवळजवळ काहीच परिणाम आढळला नाही. २०१७ च्या तिहेरी तलाक खटल्यात पाच धर्मांचे पाच न्यायाधीश होते. निकाल ३ विरुद्ध २ असा लागला आणि अल्पमतात शीख सरन्यायाधीश व मुस्लिम न्यायमूर्ती एकत्र होते.

गोव्यात या प्रश्नाला एक वेगळा पदर आहे, आणि तो धर्म-जातीइतकाच लक्षात घ्यायला हवा: न्यायाधीश कोणत्या कायद्याच्या मुशीत घडला? १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता येथे १८७० पासून लागू झाली. मुक्तीनंतर १९६२ च्या कायद्याने ती चालू राहिली. संहितेत घडलेला न्यायाधीश आधी कलम उघडतो, मुंबईत घडलेला आधी पूर्वनिर्णय शोधतो. ३० ऑक्टोबर १९८२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे पणजी खंडपीठ सुरू झाल्यापासून राज्याबाहेर वाढलेले अनेक न्यायमूर्ती येथे बसले. येथील कायद्याप्रमाणे लग्नाआधी वेगळा करार नसेल तर पतीची व पत्नीची मालमत्ता समाईक होते आणि निम्म्यावर तिचा हक्क असतो, ही गोष्ट गोमंतकीय घरात जन्मापासून ठाऊक असते. बाहेरून आलेल्याला ती शिकावी लागते. पण बाहेरचे असणे म्हणजे अज्ञान नव्हे. गोमंतकीयाच्या राज्याबाहेरील मालमत्तेच्या वारशालाही हीच संहिता लागू होते आणि संसदेने स्वीकारल्यामुळे ती परका कायदा नव्हे, तर भारतीय कायदाच आहे, असे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. हा निकाल देणारे न्यायमूर्ती गोव्याचे नव्हते.

खरी कसोटी घरातल्या कागदांवर लागते. लग्नाच्या वेळी दिले-घेतले, असे म्हणून मुलीने नोटरीपुढे वाटा सोडल्याचा दस्तऐवज इन्व्हेंटरीत, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटण्याच्या न्यायालयीन प्रक्रियेत, येतो. एकाला त्यात घराची रीत दिसेल, दुसऱ्याला भावांचा दबाव. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जागेत घर करून राहणारा. मुंडकार संरक्षण कायदा, १९७५ खालचे दावे तर प्रथम मामलेदारापुढेच जातात. तेथे भाटकाराच्या घरात वाढलेला अधिकारी आणि माडांच्या भाटात (बागेत) मुंडकाराच्या खोपीत वाढलेला अधिकारी ‘घराभोवतीची जागा’ एकाच नजरेने मोजतील, असे गृहीत धरणे चुकीचे ठरेल.

यावर उतारा म्हणून अपील, हितसंबंध असलेल्या खटल्यातून माघार आणि लेखी कारणे देण्याचे बंधन आहे. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनयभंगाच्या आरोपीने पीडितेकडून राखी बांधून घ्यावी, ही जामिनाची अट रद्द केली आणि स्त्रियांविषयीच्या रूढ समजुती आदेशांत येऊ नयेत, असे न्यायाधीशांना बजावले.