घरातील वायफायची पार्श्वभूमी

कोणत्याही राउटरचे सेटिंगचे पान उघडले की साधारण तेच पर्याय समोर येतात: २.४ की ५ गिगाहर्ट्झ, चॅनल कोणता, सुरक्षेचा प्रकार कोणता, १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता, डीएचसीपी चालू की बंद. हे सगळे पर्याय कोणी एका बैठकीत ठरवलेले नाहीत. त्यांतला प्रत्येक पर्याय वेगळ्या काळी, वेगळ्या अडचणीवर काढलेला तोडगा आहे, आणि ती अडचण कोणती होती हे माहीत नसेल तर घरातले नेटवर्क लावणे म्हणजे अंदाजाने बटणे दाबणे ठरते.

या इतिहासाची सुरुवात हवाई विद्यापीठात होते. समुद्राने विलग झालेल्या बेटांवरील टर्मिनले मुख्य संगणकाला जोडण्यासाठी नॉर्मन अब्रामसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये ‘अलोहानेट’ हे रेडिओवर चालणारे जाळे सुरू केले. संगणकाकडे माहिती पाठवण्यासाठी सर्व टर्मिनलांना मिळून एकच रेडिओ वाहिनी दिलेली होती आणि कोणी केव्हा पाठवावे याचे वेळापत्रक नव्हते. ज्याला पाठवायचे आहे त्याने पाठवावे. पोच आली नाही, तर दुसऱ्या कोणाच्या संदेशाशी टक्कर झाली असे समजून, प्रत्येकाने आपापला यादृच्छिक काळ थांबून पुन्हा पाठवावे, एवढाच नियम होता. या मोकळ्या पद्धतीत वाहिनीच्या क्षमतेपैकी जेमतेम १८ टक्केच वापरात येऊ शकते, हे गणिताने दाखवता येते. तरीही विखुरलेल्या यंत्रांना एकच माध्यम वाटून घेता येते हे तिने सिद्ध केले. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ पासून याच कल्पनेवर तारेचे इथरनेट उभारले. आजचे वायफाय त्यापुढे जाऊन आधी कानोसा घेते, वाहिनी मोकळी वाटली तरी थोडा यादृच्छिक काळ थांबते आणि मगच पाठवते. मात्र पोचेची वाट पाहण्याचा जुना नियम त्यात कायम आहे, कारण स्वतः प्रसारण करणाऱ्या रेडिओला त्याच क्षणी दुसऱ्याचा क्षीण संदेश ऐकू येत नाही. म्हणूनच एका चॅनलवरची सर्व उपकरणे, शेजाऱ्यांचीसुद्धा, एकाच वेळेची वाटणी करून घेत असतात. खोक्यावर छापलेला वेग प्रत्यक्षात कधीच का मिळत नाही, याचे निम्मे उत्तर येथे आहे.

दुसरा प्रश्न लहरींच्या मालकीचा होता. रेडिओ लहरी वापरायच्या तर परवाना हवा, हा जगभरचा नियम होता. १९४७ मध्ये अटलांटिक सिटी येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार परिषदेत उद्योग, विज्ञान आणि वैद्यक यांतील उपकरणांसाठी काही पट्टे राखून ठेवले गेले. या उपकरणांना संदेश पाठवायचा नसतो, त्यांना ऊर्जा वापरायची असते. मायक्रोवेव्ह ओव्हन हे त्यांतले सर्वांत परिचित उदाहरण. दळणवळणाच्या दृष्टीने हे पट्टे टाकाऊ मानले जात. अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने १९८५ मध्ये, मायकेल मार्कस या अभियंत्याच्या पुढाकाराने, हेच पट्टे विनापरवाना संदेशवहनासाठी खुले केले. त्यासाठी संदेश रुंद पट्ट्यावर पसरवून पाठवावा, शक्ती मर्यादेत ठेवावी आणि इतरांचा व्यत्यय निमूट सोसावा, अशा अटी होत्या. हा निर्णय झाला नसता तर घरोघरी स्वतःचे रेडिओ केंद्र चालवणे कल्पनेतही आले नसते, असे माझे मत आहे. पण त्याची किंमतही आपण मोजतो. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा सुमारे ८० मेगाहर्ट्झचा. त्यात चॅनलांचे क्रमांक ५ मेगाहर्ट्झच्या अंतराने दिलेले, तर एक चॅनल प्रत्यक्षात सुमारे २० मेगाहर्ट्झ जागा व्यापतो. म्हणून १, ६ आणि ११ हे तीनच चॅनल एकमेकांवर न चढता शेजारी बसतात. शेजाऱ्याचा राउटर ६ वर आहे म्हणून आपण ४ निवडला, तर वाद टळत नाही, वाढतो: त्याच चॅनलवर असतो तर दोघांनी एकमेकांचे ऐकून पाळीपाळीने प्रसारण केले असते, अर्धवट चढलेल्या चॅनलांवर मात्र एकाचे बोलणे दुसऱ्याला निव्वळ गोंगाट म्हणून ऐकू येते.

परवाना सुटल्यावर प्रत्येक कंपनीने आपापली विसंगत उपकरणे काढली. रोखनोंदणी यंत्रे बिनतारी करण्याची इच्छा असलेल्या एनसीआर कंपनीच्या नेदरलँड्समधील शाखेतून व्हिक्टर हेस पुढे आले आणि १९९० मध्ये स्थापन झालेल्या, बिनतारी जाळ्यांचे मानक ठरवणाऱ्या आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या ८०२.११ गटाचे अध्यक्षपद त्यांनी दहा वर्षे सांभाळले. १९९७ चे पहिले मानक सेकंदाला १ किंवा २ मेगाबिटचेच होते. १९९९ मध्ये ११ मेगाबिटचे ८०२.११बी आले, वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे एकमेकांशी खरोखर जुळतात की नाही हे तपासणारी संघटना स्थापन झाली, आणि ॲपलने आपल्या आयबुकसोबत बिनतारी जोडणी सामान्य ग्राहकापुढे ठेवली.

त्याच वर्षी ५ गिगाहर्ट्झवर ५४ मेगाबिट देणारे ८०२.११ए हे मानकही आले, आणि तंत्राच्या दृष्टीने तेच अधिक महत्त्वाचे. घरात रेडिओ लहर भिंती, कपाटे, आरसे यांवर आपटून अनेक वाटांनी पोचते. उशिरा आलेले प्रतिध्वनी पुढच्या संदेशात मिसळतात, आणि वेग वाढवावा तितका हा घोळ वाढतो. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संस्थेत जॉन ओ’सलिव्हन यांच्या गटाने यावर काम केले. ओ’सलिव्हन यांनी त्याआधी स्फोट पावणाऱ्या सूक्ष्म कृष्णविवरांचे रेडिओ संकेत शोधण्याचा प्रयत्न केला होता. ते संकेत सापडले नाहीत, पण अंतराळातून येताना विस्कटलेला संकेत गणिताने सावरण्याचा अनुभव पदरी पडला. १९९२ मध्ये या गटाने पेटंटसाठी अर्ज केला. एकच वेगवान प्रवाह पाठवण्याऐवजी तो अनेक संथ उपप्रवाहांत वाटायचा, म्हणजे प्रत्येक चिन्हाला (एका वेळी पाठवलेल्या माहितीच्या तुकड्याला) पुरेसा वेळ मिळून प्रतिध्वनी विरून जातो, हे त्यामागचे तत्त्व. ८०२.११ए मध्ये असे ५२ उपप्रवाह असून प्रत्येक चिन्हापूर्वी ०.८ मायक्रोसेकंदाचा राखीव काळ सोडलेला असतो. २००९ च्या ८०२.११एन ने तर अनेक अँटेना वापरून याच प्रतिध्वनींना स्वतंत्र वाटा म्हणून कामाला लावले. तरीही राउटर धातूच्या कपाटात किंवा कोपऱ्यात जमिनीलगत ठेवला, तर या गणिताला काम करायला पुरेसा संकेतच उरत नाही. तो घराच्या मध्याजवळ, उंचावर आणि उघडा ठेवावा.

पुढच्या पिढ्यांनी मुख्यतः रुंद चॅनल आणि नवी जागा दिली. ६ गिगाहर्ट्झचा पट्टा अमेरिकेत २०२० मध्ये खुला झाला. वारंवारिता जितकी जास्त तितकी भिंत जड जाते, म्हणून पलीकडच्या खोलीत २.४ अजूनही उपयोगी पडतो.

पत्त्यांचा इतिहास याहून वेगळा आहे. इंटरनेटचे ३२ बिटांचे पत्ते, म्हणजे सुमारे ४३० कोटी, पुरणार नाहीत हे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच दिसू लागले होते. १९९३ मध्ये पत्ते आपोआप वाटणारे डीएचसीपी आले, १९९४ मध्ये एका बाहेरच्या पत्त्यामागे अनेक यंत्रे लपवणाऱ्या नॅटची मांडणी झाली, आणि १९९६ मध्ये १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी कायमचे राखले गेले. घरात सेवादात्याच्या राउटरमागे स्वतःचा दुसरा राउटर जोडला की नॅटची ही पत्त्यांची अदलाबदल दोनदा होते आणि काही खेळ व कॅमेरे अडतात. अशा वेळी दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे पत्ते न बदलता फक्त वायफाय पुरवणारे यंत्र म्हणून चालवावा.

सुरक्षेचा इतिहास सर्वांत क्लेशदायक आहे. पहिल्या मानकातील वेप या सांकेतिकीकरणाच्या पद्धतीत मूळ किल्ली ४० बिटांची होती, आणि प्रत्येक संदेशागणिक बदलणारा क्रमांक केवळ २४ बिटांचा, म्हणजे सुमारे १ कोटी ६८ लाख शक्यतांचा. गजबजलेल्या जाळ्यात त्यांची पुनरावृत्ती काही तासांतच होई. २००१ मध्ये फ्लुहरर, मँटिन आणि शमीर यांनी त्यामागच्या आरसी४ सांकेतिकीकरणातील उणीव उघड केली. जुनी यंत्रे फेकावी लागू नयेत म्हणून २००३ मध्ये डब्ल्यूपीए ही तात्पुरती मलमपट्टी आली आणि २००४ मध्ये एईएस या अधिक भक्कम सांकेतिकीकरणावर आधारलेले डब्ल्यूपीए२. त्यानंतर पासवर्ड न टाकता उपकरण जोडण्याच्या सोयीसाठी दिलेल्या डब्ल्यूपीएसने ही भिंत पुन्हा पोखरली: त्याचा आठ अंकी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा अंक आधीच्या अंकांवरून निघतो, त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्न पुरतात, हे २०११ मध्ये स्पष्ट झाले. पिनने जोडण्याची ही सोय आधी बंद करावी. डब्ल्यूपीए२ मध्ये जोडणीच्या वेळची देवाणघेवाण टिपून पासवर्डचा अंदाज नंतर निवांत करता येतो; २०१८ मधील डब्ल्यूपीए३ ने ही वाट बंद केली. जुन्या उपकरणांसाठी दोन्हींचा मिश्र पर्याय ठेवावा लागला, तर पासवर्ड लांब असणे अनिवार्य आहे, आणि डब्ल्यूपीए२ सुद्धा न समजणारे उपकरण मुख्य नेटवर्कची सुरक्षा उतरवून जोडून घेऊ नये.