टी पेशींतील संकेतवाहक प्रथिने

टी पेशी या पांढऱ्या पेशी परका जंतू थेट ओळखत नाहीत. दुसऱ्या पेशीने पुढे धरलेला जंतूच्या प्रथिनाचा तुकडा त्यांच्या ग्राहीला, म्हणजे पृष्ठभागावरच्या संदेश टिपणाऱ्या प्रथिनाला, जुळावा लागतो. मात्र ग्राहीचा पेशीत शिरलेला भाग अगदी तोकडा असल्याने संदेश आत नेण्याचे काम त्याला लगटून असलेल्या सीडी३ या प्रथिन-साखळ्यांवर आणि त्यांच्यापुढच्या प्रथिनांवर येते.

तुकडा जुळला की एलसीके हे विकर (रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन) या साखळ्यांवरील टायरोसिन या अमिनो आम्लांना फॉस्फेट जोडते. ही टायरोसिने जोडीजोडीने असतात आणि एका ग्राही-संकुलात अशा १० जोड्या असतात. जोडीतल्या दोन्ही टायरोसिनांना फॉस्फेट लागले, तरच झॅप-७० हे विकर तिथे घट्ट बसते. मग ते एलएटी आणि एसएलपी-७६ या प्रथिनांना फॉस्फेट लावते. ही दोन्ही विकरे नव्हेत, इतरांना एकत्र आणणारे मचाण आहेत. त्यांच्यापाशी जमलेले फॉस्फोलायपेज सी-गॅमा१ पेशीपटलातील एक मेद फोडते, पेशीतले कॅल्शियम वाढते आणि कॅल्सिन्युरिन हे विकर जागे होते. ते एनफॅट या प्रथिनावरचे फॉस्फेट काढते. एनफॅट केंद्रकात शिरते आणि इतर घटकांच्या साथीने टी पेशींना वाढायला लावणाऱ्या इंटरल्यूकिन-२ या प्रथिनाचे जनुक सुरू करते.

फॉस्फेट लावले की संदेश चालू, काढले की बंद, असा सरधोपट हिशेब मात्र इथे चालत नाही. सीडी४५ फॉस्फेट काढणारे विकर असूनही सक्रियणाला लागतेच, कारण एलसीकेला जखडून ठेवणारे फॉस्फेट तेच उतरवते.

झॅप-७० नसल्यास काय होते, हे १९९४ मध्ये वर्णिलेल्या एका जन्मजात आजारातून कळले. अशा बाळांच्या रक्तात सीडी८ पेशी (बाधित पेशी मारणाऱ्या टी पेशी) जवळपास नसतात. सीडी४ पेशी (इतर पेशींना मदत करणाऱ्या टी पेशी) पुरेशा असतात, पण ग्राहीमार्फत चेतवल्या तरी ढिम्म राहतात. त्यामुळे लिम्फोसाइटची (टी पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशींची) साधी मोजणी ठीक येऊनही बाळाला वारंवार गंभीर संसर्ग होऊ शकतात. मूळ उपचार म्हणजे मूलपेशींचे प्रत्यारोपण.

अवयव-प्रत्यारोपणानंतर दिली जाणारी सायक्लोस्पोरिन व टॅक्रोलिमस ही औषधे कॅल्सिन्युरिनलाच अडवतात. याउलट, कर्करोगावरील कार-टी उपचारात टी पेशींवर प्रयोगशाळेत घडवलेली ग्राही बसवतात आणि तिला सीडी३च्या झीटा या साखळीची शेपटी जोडतात. अमेरिकेत अशा पहिल्या उपचाराला २०१७ मध्ये मंजुरी मिळाली. नुसत्या झीटा शेपटीवर या पेशी शरीरात फार टिकत नसत, म्हणून सीडी२८ किंवा ४-१बीबी या सहचेतक (चेतनेला जोड देणाऱ्या) प्रथिनाचा तुकडाही सोबत जोडला जातो.