तिवराचा श्वास

हार्बरची गाडी मानखुर्द सोडून वाशीच्या खाडीपुलावर चढते. ओहोटी असेल तर काठाला काळाशार चिखल उघडा पडलेला असतो आणि त्यात दाटीने उभी असतात तिवरं. जरा जवळून पाहिलं, तर झाडाभोवतीच्या चिखलातून पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, वीतभर उंचीच्या असंख्य काड्या सरळ वर आलेल्या दिसतात. लहानपणी मला ती नवी रोपं वाटायची. ती मुळं आहेत, जमिनीतून वर हवेत आलेली. दोन-तीन मीटरच्या एका तिवराला अशी १० हजारांहून जास्त मुळं असू शकतात.

खाडीचा चिखल इतका बारीक आणि पाण्याने इतका गच्च भरलेला असतो, की वरचा पातळ थर सोडला तर आत ऑक्सिजन जवळजवळ नसतोच. तिथले जिवाणू ऑक्सिजनऐवजी समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरतात आणि सडक्या अंड्यांचा वास येणारा वायू सोडतात. अशा जागी आंब्या-फणसाची मुळं गुदमरून कुजतील. तिवराने वर काढलेली ही श्वसनमुळं मात्र आतून स्पंजासारखी पोकळ असतात आणि त्यांच्या सालीवर बारीक छिद्रं असतात.

भरतीला ही मुळं पाण्याखाली जातात. छिद्रांतून पाणी आत शिरत नाही. आतला ऑक्सिजन हळूहळू वापरला जातो, तयार होणारा कार्बन डायऑक्साइड बराचसा पाण्यात विरघळून निघून जातो, त्यामुळे मुळांतला दाब कमी होतो. ओहोटी लागून छिद्रं उघडी पडली, की बाहेरची हवा आपोआप आत खेचली जाते. मुंबईत दिवसातून साधारण दोनदा भरती येते. म्हणजे खाडीकाठचं तिवर समुद्राच्या तालावर श्वास घेतं. मला यातलं सगळ्यात विलक्षण हे वाटतं, की गुदमरवणारी भरतीच पुढच्या श्वासाची तयारी करून जाते.

मिठाचं काय? समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातले बहुतेक तिवराची मुळंच बाहेर अडवतात. जे आत येतात, ते पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकले जातात. ऐरोलीच्या खाडीकाठी मी एकदा तिवराचं पान जिभेला लावून पाहिलं होतं. चांगलंच खारट लागलं.

‘तिवराला खारं पाणी आवडतं’ असं आपण सर्रास म्हणतो. ते मला खटकतं. समुद्रापेक्षा कमी खारट पाण्यात तिवर उलट जास्त जोमाने वाढतं. पण तशा जागी इतर झाडाझुडपांची गर्दी होते. खाऱ्या चिखलात मात्र त्याला फारसे स्पर्धक उरत नाहीत. आणि कुठल्या एका झाडाने गरज पडली म्हणून आपलं मूळ वर वळवलं, असंही झालेलं नाही. पूर्वजांपैकी ज्यांच्या मुळांना थोडी जास्त हवा मिळत होती, त्यांची बीजं जास्त रुजली आणि हे लाखो वर्षं चालत राहिलं.

त्याच चिखलात उड्या मारणारी निवटी आपल्या ओळखीची आहे. मासा असूनही ती ओल्या त्वचेतून हवेतला ऑक्सिजन घेते आणि पुढच्या परांवर रेटा देत सरकते. कातडी सुकू नये म्हणून मधूनच चिखलात लोळते.

शोलँडर हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ साली तिवर आणि कांदळ या दुसऱ्या खारफुटीच्या झाडाच्या मुळांतले वायू मोजले होते. कांदळाच्या हवेतल्या मुळांवरची छिद्रं त्यांनी ग्रीस लावून बंद केली. चिखलातल्या मुळांमध्ये एरवी १५ ते १८ टक्के ऑक्सिजन असायचा, तो दोन दिवसांत २ टक्क्यांवर आला. मुंबईने ऑगस्ट २०१० मध्ये असंच काहीसं मोठ्या प्रमाणावर पाहिलं. बंदराबाहेर दोन जहाजांची टक्कर झाली आणि सांडलेलं तेल भरतीबरोबर तिवरांत शिरलं.

तेल क्वचित येतं. प्लास्टिकच्या पिशव्या मात्र रोजच्या भरतीला येतात. पाणी चढलेलं असतं तेव्हा त्या वर तरंगत असतात. पाणी उतरलं की मुळांना लपेटून बसतात, नेमक्या तिवराच्या श्वास घेण्याच्या वेळी.