शाळिग्रामातले चक्र आणि अमोनाइटांची वंशावळ

शाळिग्रामातले चक्र वज्रकीट नावाच्या किड्याने दगड पोखरून केले, असे आजही सांगतात. श्रद्धा आपल्या जागी. पण ते चक्र कोणी कोरलेले नाही, तो प्राण्याच्या कवचाचा ठसा आहे. नेपाळमधल्या काळी गंडकीच्या पात्रात मिळणारे हे दगड म्हणजे हिमालय उभा राहण्यापूर्वी तिथे असलेल्या टेथिस समुद्राच्या गाळात पुरले गेलेले ज्युरासिक काळातले अमोनाइट, म्हणजे वेटोळ्या कवचाचे, आता नामशेष झालेले समुद्री प्राणी.

रूपावरून ते नॉटिलस या आजही समुद्रात असलेल्या वेटोळ्या कवचाच्या प्राण्याचे सख्खे वाटतात. पण नॉटिलसच्या दातपट्टीच्या (तोंडातल्या बारीक दातांच्या पट्टीच्या) एका ओळीत १३ घटक असतात, अमोनाइटांत ९, म्हणजे म्हाकूळ-ऑक्टोपसांइतकेच. त्यांचे जवळचे नाते म्हाकुळाशी आहे.

खुद्द अमोनाइटांमधली नाती लावताना मात्र मोठा घोळ झाला. युरोपात स्टेफॅनोसेरास हे मोठे कवच आणि नॉर्मनाइटीस हे छोटे, तोंडाशी कानासारख्या दोन पाळ्या असलेले, अशा दोन वेगळ्या प्रजाती (जातींचे गट) मानल्या होत्या. अमोनाइट कवचाच्या शेवटच्या कप्प्यात राहतो, तोंडाशी कवच वाढवत पुढे सरकतो आणि मागे पडदा घालतो. जुने काही पुसले जात नाही, त्यामुळे मोठ्या कवचाची बाहेरची वेटोळी काढली की त्याच प्राण्याचे बालपण हाती लागते. ते नॉर्मनाइटीसच्या आतल्या वेटोळ्यांशी जुळले! मग छोटे कवच म्हणजे नुसते पिल्लू का? नाही. वाढ थांबत आली की शेवटचे पडदे दाटीने पडतात, आणि ही दाटी दोन्ही कवचांत दिसते. म्हणजे दोन्ही प्रौढ. शिवाय दोन्ही खडकाच्या एकाच थरात सापडतात आणि काळानुसार बरोबरीने बदलतात. १९६२मध्ये पोलंडच्या माकोव्हस्कींनी आणि १९६३मध्ये ब्रिटनच्या कॅलोमन यांनी अशा जोड्यांचा अर्थ मांडला: एकाच जातीचे नर आणि मादी. कॅलोमन व्यवसायाने रसायनशास्त्रज्ञ होते, हे मला फार आवडते. आर्गोनॉट या ऑक्टोपसात मादी नराहून कितीतरी मोठी असते, म्हणून छोटे कवच नराचे धरतात.

कच्छच्या मॅक्रोसेफॅलाइटीस या अमोनाइटांचेही तेच झाले. त्यातल्या छोट्या कवचांना डॉलिकेफॅलाइटीस, कॅम्पटोकेफॅलाइटीस अशी स्वतंत्र नावे होती. आता ते त्याच प्रजातीतले नर मानले जातात. वंशावळीतल्या समांतर रेघा अशा एकेक करून मिटल्या. शाळिग्रामात वारंवार दिसणारे पेरिस्फिंक्टिड गटातले अमोनाइट स्टेफॅनोसेरासच्याच गोतावळ्यातून फुटले, असे बहुतेक अभ्यासक मानतात.